आरतीनंतरच्या सरकारी जागा

जर्मनीतल्या आमच्या गार्चिंगच्या गणपतीत आरती होते, मंत्रपुष्पांजली होते, आणि मग प्रसाद वाटण्याआधी शालिनीताई सरकारी जागा वाचून दाखवतात.

हे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा विधीचाच भाग असावा. गेल्या वर्षी एकाची आई कोथरूडहून आली होती. ती माउली शेवटपर्यंत हात जोडून उभी होती. ताई पर्समधून घडी घातलेला कागद काढतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणतात आणि म्हणतात, "आल्झो, तर मग. पहिली जागा. पाणीपुरवठा खातं. तीन महिन्यांचं प्राक्टिकुम, म्हणजे इंटर्नशिप. विद्यार्थी हवा. जर्मन बरं हवं, फार बरं नको. दुसरी जागा. वनखातं. चालायची तयारी हवी." इथे त्या थांबून माझ्या पोटाकडे बघतात. "नितीन, तुझ्यासाठी नाही ही. तुझ्या भाच्याला सांग."

मागे ताटातले मोदक गार होत असतात. पण ताईंचा कागद संपल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नाही. एकदा एका उत्साही तरुणाने लावला होता. ताईंनी त्याला तिथेच विचारलं, "तू काय शिकतोस?" तो म्हणाला, "डेटा सायन्स." ताई म्हणाल्या, "गेनाऊ, अगदी बरोबर. सांख्यिकी खात्यात जागा आहे. आधी ऐक, मग खा." त्याने ऐकलं. आज तो त्याच खात्यात आहे आणि मोदक शेवटी घेतो.

शालिनीताई आमच्याच इमारतीत राहतात. त्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दुसऱ्या. वय सदुसष्ट. मूळच्या डोंबिवलीच्या. डीटर नावाच्या जर्मन माणसाशी लग्न करून इकडे आल्या, त्याला चाळीसएक वर्षं झाली. डीटरकाका सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगी लेना हांबुर्गला असते. दर रविवारी अकरा वाजता तिचा फोन येतो. ताई मराठीत विचारतात, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि वीस मिनिटांत दोघींचं बोलणं आटपतं.

स्वतः ताईंनी तीस वर्षं जिल्हा कचेरीत काढली. तळघरात फायलींची खोली होती, तिथे. त्या तळघराबद्दल त्या असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, बव्हेरियाचा कारभार तिथूनच चालत होता. "वरच्या मजल्यांवर साहेब बदलायचे," त्या सांगतात, "खाली मी होते."

सरकारी कचेरीला इथे आम्ट म्हणतात. आपल्याकडची माणसं आम्टला भितात. व्हिसाचे कागद, पत्त्याची नोंद, रांगा, त्यातून पुन्हा जर्मन. ताईंचं उलट. त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, "कंपनी म्हणजे सासर, आम्ट म्हणजे माहेर." माझी बायको माधवी एकदा म्हणाली, "अहो ताई, पण माहेरी कोणी तीन प्रतींमध्ये फॉर्म मागत नाही." ताई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या माहेरी मागायचे. बाबा रेशनिंग ऑफिसात होते."

आमच्या वास्तुशांतीला लोकांनी चांदीचं निरंजन, भिंतीवरचं घड्याळ वगैरे दिलं. ताईंनी जाडजूड ऑर्डनर दिला, कागद लावून ठेवायची ती पुठ्ठ्याची फाईल. आत रंगीत पानं घालून विभाग पाडलेले होते. घर, नोकरी, विमा, मूल. तेव्हा आम्हाला मूल नव्हतं. ताई म्हणाल्या, "विभाग आधी लागतो."

इकडे शिकायला येणाऱ्या आपल्या पोरांच्या तोंडी दोनच गावं असतात. गेर्लिंगेन आणि न्युरेम्बर्ग. तिथल्या मोठ्या कंपन्यांत लागलं की जन्माचं सार्थक झालं. सरकारात अर्ज करायचा हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. आपला पासपोर्ट वेगळा, आपल्याला कोण घेतंय, अशी सगळ्यांची समजूत. ताई ती समजूत दिसेल तिथे ठेचतात. "अधिकारी म्हणून कायमची नेमणूक हवी असेल तर पासपोर्ट बघतात," त्या सांगतात. "बाकी हजार कामं असतात रे. प्राक्टिकुम असतं, शिकता शिकता करायची नोकरी असते, पुढे करारावरची नोकरी असते. तिथे पासपोर्ट नाही बघत, कागद बघतात. आणि कागद माझ्याकडे आणा."

पोरं कागद आणतात. ताई तपासतात. एकच अट, त्यांना ताई म्हणायचं. आजी म्हटलं तर अर्ज परत.

पूर्वा कांबळे अशीच आली. इचलकरंजीची मुलगी. सांगलीला सिव्हिल इंजिनिअरिंग करून इथे वाहतूक नियोजनात मास्टर्स करायला आलेली. बारीक चणीची, फार हळू बोलणारी. तिच्या अभ्यासक्रमात प्राक्टिकुम सक्तीचं होतं. ते झाल्याशिवाय प्रबंध सुरू करता येत नव्हता, आणि ते मिळत नव्हतं. कंपन्यांकडून उत्तरंच येत नव्हती. पुढचं सत्र सुरू व्हायला दोन महिने उरले होते. तोवर जागा मिळाली नाही तर अख्खं सत्र वाया जाणार होतं. तिचे वडील फोनवर सांगत होते की जमत नसेल तर परत ये, त्यात लाज नाही. ते प्रेमानेच सांगत होते, आणि त्याचाच तिला जास्त त्रास होत होता.

कोणीतरी तिला ताईंचा पत्ता दिला. ती चुकून आमच्याकडे बेल वाजवून उभी राहिली, म्हणून मीच तिला वर घेऊन गेलो.

ताईंनी तिचा लेबेन्सलाउफ, म्हणजे बायोडेटा, हातात घेतला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. "मी मेहनती, जिद्दी आणि मिळूनमिसळून काम करणारी आहे." चष्म्यावरून बघून विचारलं, "हे कोणी सांगितलं?"

"म्हणजे? मीच लिहिलंय."

"तेच म्हणते. स्वतःच स्वतःला दिलेला दाखला. आम्टमध्ये तो चालत नाही. काढ."

अर्ध्या तासात त्या बायोडेटात पूर्वाचं नाव, जन्मतारीख आणि पदवी एवढंच उरलं. मला ती मुलगी रडेल असं वाटलं. ती रडली नाही. तिने पेन काढलं आणि विचारलं, "मग काय लिहू?"

"आधी अर्ज तर पाठवू," ताई म्हणाल्या. "काय लिहायचं ते तेच सांगतील."

आजूबाजूच्या चार गावांच्या नगरपालिकांच्या नियोजन खात्यांत चार अर्ज गेले. आणि तीन आठवड्यांत चारही ठिकाणांहून नकार आले. अतिशय सभ्य, सहीशिक्क्याचे नकार. पूर्वा ती पत्रं घेऊन आली तेव्हा मी ताईंचा बिघडलेला प्रिंटर बघायला वर गेलो होतो.

"ताई, मी तिकीट बघते परतीचं," ती म्हणाली. "तुम्ही खूप केलंत."

ताईंनी एक पत्र उजेडात धरलं. "खाली काय लिहिलंय?"

"काही नाही. त्या बाईंचं नाव आणि नंबर."

"कंपनीने उत्तर तरी दिलं होतं का? इथे माणसाने नाव लिहिलंय. नाव लिहिलं म्हणजे फोन करायचा. का नाही घेतलं, विचारायचं."

"नाही म्हणाल्यावर फोन?"

"हो म्हणाल्यावर कशाला करायचा?"

पण पूर्वाला जर्मनमध्ये फोन करायची भयंकर भीती. समोर माणूस असला की हातवारे करून भागतं, फोनवर हात दिसत नाहीत. मग ताईंनी सरावाची व्यवस्था केली. पूर्वा आमच्या घरात बसणार, ताई वर स्वयंपाकघरातून फ्राउ हुबर नावाची खडूस बाई होणार. आमची सहा वर्षांची तारा सेक्रेटरी झाली. तिला मराठी सगळं समजतं, पण बोलते जर्मनच, त्यामुळे ती या कामाला लायकच होती. ती वर ताईंजवळ बसून फोन उचलायची, गंभीरपणे "मोमेंट बिटे", म्हणजे जरा थांबा, म्हणायची आणि ताईंच्या हातात द्यायची.

पहिले तीन फोन ताईंनी मधेच आपटले. तिसऱ्यांदा त्या जिना उतरून खाली आल्या.

"काय चुकलं?" पूर्वाने विचारलं.

"तू सॉरी म्हणालीस. अजून काही केलं नाहीस आणि सॉरी. आधी नाव सांगायचं. मग काम सांगायचं. माफी शेवटी, लागलीच तर."

तो संपूर्ण शनिवार आमच्या घरातून वर फोन जात होते. संध्याकाळपर्यंत पूर्वा न अडखळता नाव सांगू लागली. ताराला सेक्रेटरीच्या कामाचा कंटाळा आला आणि तिने राजीनामा दिला.

सोमवारी पूर्वाने आमच्या सोफ्यावर बसून खराखुरा फोन केला. मी आणि माधवी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत होतो. ताई दारात उभ्या. पलीकडच्या बाईंचा आवाज फार मवाळ होता. त्या म्हणाल्या की अर्ज व्यवस्थित होता, पण तुम्ही नक्की काय काय केलंय ते त्यातून कळलं नाही. खरं तर त्यांनी निवडलेला मुलगा येणार नाहीये, जागा अजून रिकामी आहे, शुक्रवारपर्यंत नवीन अर्ज पाठवलात तर बघू.

फोन ठेवून पूर्वा म्हणाली, "मी काय केलंय? मी काहीच केलेलं नाही. फक्त कॉलेज."

"कॉलेजात काय केलंस?"

"प्रोजेक्ट. पण तो साधाच होता. सांगलीत एका चौकात उभं राहून गाड्या मोजल्या होत्या."

"किती दिवस?"

"नऊ दिवस. सकाळी सात ते रात्री सात. बरोबरच्या मुली दोन दिवसांत आजारी पडल्या, मग एकटीच मोजत होते."

ताई खुर्ची ओढून तिच्यासमोर बसल्या. "काय काय मोजलंस?"

मग ती मुलगी बोलायला लागली. पुस्तकातल्या तक्त्यात गाड्यांचे सहा प्रकार होते. चौकात उभं राहिल्यावर तिच्या लक्षात आलं की ते सहा पुरत नाहीत. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात, टमटमला बाहेर माणसं लटकलेली असतात, हातगाडी उलट्या बाजूने येते. तिने स्वतःचा तक्ता केला, अकरा रकान्यांचा. पोलीस हवालदाराला तिने तो समजावून दिला होता आणि जेवायच्या सुट्टीत तोच मोजायचा. इतकी हळू बोलणारी पोर, पण चौकाबद्दल बोलताना तिचा आवाज मोठा झाला होता, हात चालत होते.

"हे लिही," ताई म्हणाल्या. "हवालदारासकट."

अर्ज गेला. मुलाखतीचं पत्र आलं. आता तालीम हवी. साहेब म्हणून मला बसवलं. मी कोट घातला, घसा साफ केला आणि विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

ताईंनी मला तिथेच थांबवलं. "हे कंपनीचं झालं. सरकार पाच वर्षांनी इथेच असतं. त्याला हे विचारायची गरज नाही."

"मग काय विचारू?"

"काही नको. तू नुसता साहेबासारखा बस." त्यानंतर मी तासभर नुसता बसलो. माधवीच्या मते माझ्या आयुष्यातली ती सर्वांत चांगली भूमिका होती.

मुलाखतीच्या दिवशी ताई घरीच राहिल्या. मला वाटलं होतं त्या नगरपालिकेच्या दारापर्यंत जातील. पण त्यांनी पूर्वाला खालच्या फाटकापाशी सोडलं, तिच्या कोटाची कॉलर सारखी केली आणि म्हणाल्या, "आता तू आणि ते." दुपारी पूर्वा थेट आमच्या इमारतीत आली आणि जिन्यातच सगळं सांगायला लागली.

टेबलापलीकडे तिघं होते. मुख्य साहेब हेर ब्रांडल, साठीच्या आसपासचे, मोठ्या मिशांचे. त्यांनी सगळा अर्ज बाजूला ठेवला आणि फक्त तो अकरा रकान्यांचा तक्ता समोर घेतला. बैलगाडी कशी मोजायची, विचारलं. मग म्हणाले, "एका सायकलवर तीन माणसं बसली असतील तर तुम्ही काय लिहिता? एक की तीन?"

"आणि तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हटलं, रस्त्यासाठी एक, अपघातासाठी तीन."

हेर ब्रांडल यांनी पेन खाली ठेवलं आणि शेजारच्या बाईंकडे बघितलं म्हणे. दोन दिवसांनी होकाराचं पत्र आलं. चार महिन्यांचं प्राक्टिकुम, सत्र सुरू व्हायच्या आठवडाभर आधीपासून.

माधवीने शिरा केला. पूर्वा ताईंच्या पाया पडायला वाकली तर ताईंनी तिला मधेच धरलं आणि तिच्या हातात नवा ऑर्डनर दिला. पूर्वाने विभाग उघडून बघितले. "ताई, यात 'निवृत्तिवेतन' असा विभाग आहे."

"असू दे. विभाग आधी लागतो."

जाताना ती म्हणाली, "मी दर आठवड्याला फोन करीन हं."

ताई म्हणाल्या, "नाही करायचीस. ज्याचं काम झालं तो फोन करत नाही. ते चांगलं लक्षण असतं. माझी कितीतरी पोरं कामाला लागलीत. एकाचाही फोन येत नाही." हे त्या अभिमानाने म्हणाल्या. आणि पूर्वाचाही फोन आला नाही. नवी नोकरी, नवं गाव, वर प्रबंधाची तयारी, तिला तरी वेळ कुठे होता.

नंतरच्या दोनेक महिन्यांत आमचं एक काम निघालं. ताराची शाळा आणि माझं ऑफिस यांचा मेळ बसेना, म्हणून आम्ही जागा बदलायचं ठरवलं होतं, आणि घर मिळालं ते नेमकं पूर्वाच्याच गावात. पत्त्याची नोंद करायला मी एका मंगळवारी तिथल्या नगरपालिकेत गेलो. काम दहा मिनिटांत झालं. बाहेर पडताना डावीकडच्या दालनाचं दार उघडं दिसलं.

आत भिंतभर नकाशे लावले होते. गावात नवा सायकल मार्ग होणार होता, त्याची योजना महिनाभर लोकांना बघायला मांडली होती. ज्याला सूचना किंवा हरकत द्यायची असेल त्याने तिथेच फॉर्म भरायचा. नकाशासमोर पूर्वा उभी होती. गळ्यात ओळखपत्र, हातात पट्टी. एक उंच, रांगडा शेतकरी तावातावाने काही सांगत होता आणि ती त्याला त्याच्या शेताचा बांध नकाशावर बोटाने दाखवत होती. तिने त्याला वाक्य पुरं करू दिलं, मग ठामपणे काहीतरी सांगितलं. तो मान डोलवायला लागला.

आणि मागच्या भिंतीशी ओळीने मांडलेल्या खुर्च्यांपैकी शेवटच्या खुर्चीवर शालिनीताई बसल्या होत्या. कोटाची सगळी बटणं लावलेली, पर्स मांडीवर. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

मी शेजारी जाऊन बसलो. "ताई, इथे कुठे?" हळूच विचारलं.

"सूचना द्यायला आलेय," त्या म्हणाल्या. नजर समोरच होती. "बघ, सॉरी म्हणत नाही आता."

त्या गावात ताईंचं घर नाही, जमीन नाही, आणि त्यांना सायकलही येत नाही. थोड्या वेळाने त्या उठल्या, टेबलावरच्या पेटीत फॉर्म टाकला, पूर्वाला लांबूनच मान हलवली आणि "मला बस आहे" म्हणून निघून गेल्या. मी बरोबर येतो म्हटलं तर नको म्हणाल्या.

शेतकरी गेल्यावर पूर्वा माझ्याकडे आली.

"दर मंगळवारी आणि गुरुवारी येतात," ती म्हणाली. "तासभर बसतात. मी चहा विचारला तर म्हणतात, कामाच्या वेळी नातीगोती नकोत. प्रत्येक वेळी एक सूचना देतात. दिवे वाढवा, वळणावर आरसा लावा, बाक ठेवा. आणि प्रत्येक सूचनेला लेखी उत्तर द्यावंच लागतं, तसा नियम आहे. ते पत्र मीच लिहिते, खाली माझी सही असते. सात पत्रं गेली त्यांना आतापर्यंत."

"हेर ब्रांडल काही म्हणत नाहीत?"

"ते म्हणतात, बाईंच्या सूचना चांगल्या असतात. बाक तर मंजूरसुद्धा झाला." मग पेटीतून तो वरचाच फॉर्म काढून तिने माझ्यासमोर धरला. "फक्त हे एक बघा ना, काका."

फॉर्मवर एक रकाना होता. 'आपला या योजनेशी संबंध'. खाली पर्याय छापलेले. जमीनमालक, रहिवासी, दुकानदार. ताईंनी त्यातल्या कशावरही खूण केली नव्हती. शेवटी 'इतर' असं होतं, आणि पुढच्या रेघेवर त्यांच्या सुवाच्य, तळघरातल्या अक्षरात जर्मनमध्ये लिहिलं होतं, "घरचं माणूस इथे कामाला आहे."

मी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"प्रत्येक फॉर्मवर असंच लिहिलंय," पूर्वा म्हणाली. "ऑफिसच्या बाई म्हणाल्या, या रकान्यात चुकीची माहिती चालत नाही, खरी आहे का विचारून घे."

"मग विचारलंस?"

"नाही," ती म्हणाली. "मी ऑफिसच्या बाईंना सांगितलं, माहिती बरोबर आहे." आणि तिने शिक्का उचलला, फॉर्मवर मारला आणि तो नोंदीच्या कागदांत लावून टाकला.